चावडीवर न मिळणारे ज्ञान



या सदरात आपण एरवी बियाणे, खते, कीड-रोग यांविषयी बोलतो. आजचा विषय निराळा वाटेल, पण तो तुमच्यापैकीच एका घरातून आला आहे. एका वाचकांनी पत्र लिहिले आहे. जमीन चार एकर, त्यातली दीड एकर बागायत. मुलगी बारावीला शास्त्र शाखेत चांगल्या गुणांनी पास झाली. आता ती म्हणते, मला विद्यापीठात मानवशास्त्र शिकायचे आहे आणि त्यातही माणसाची वागणूक कशी उत्क्रांत होत गेली याचा अभ्यास करायचा आहे. वडील लिहितात, "साहेब, माणूस कसा वागतो हे शिकायला विद्यापीठ कशाला पाहिजे? संध्याकाळी चावडीवर तासभर बसले की सगळे कळते. नर्सिंगला घालतो म्हटले तर पोरगी दोन दिवस धड जेवली नाही. तुम्हीच काय ते सांगा."

प्रश्न वाजवी आहे. ज्याला पैसे घालायचे आहेत त्याने विचारलेच पाहिजे. आधी पोटोबा मग विठोबा, हे मलाही कळते. पण ज्या विद्येला नाही म्हणायचे ती विद्या काय आहे, एवढे तरी नाही म्हणण्यापूर्वी समजून घ्यावे. म्हणून आज हा खटाटोप.

उत्क्रांती म्हणजे काय?

कपाशी लावणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको, त्यांनी ती डोळ्यांनी पाहिली आहे. बीटी कपाशीला आपल्या देशात २००२ साली परवानगी मिळाली. सुरुवातीची काही वर्षे बोंडअळी आटोक्यात राहिली. पुढे २०१७ च्या हंगामात विदर्भात गुलाबी बोंडअळीने काय केले ते सांगायला नको. मग त्या अळीने काही विद्या शिकून घेतली का? नाही. लाखो अळ्यांत काही थोड्या अशा होत्या की ज्यांना ते विष बाधत नव्हते. बाकीच्या मेल्या, या वाचल्या. यांचीच पिल्ले वाढली आणि पिढ्यान्पिढ्या तसेच होत गेले. कपाशीभोवती नॉन-बीटीच्या ओळी लावा, असे आम्ही कानीकपाळी ओरडत होतो ते याच कारणासाठी.

जी गुणवैशिष्ट्ये टिकून राहायला आणि पिल्ले वाढवायला उपयोगी पडतात, ती पुढच्या पिढीत जास्त दिसतात. यालाच नैसर्गिक निवड म्हणतात. हा नियम शरीराला लागू आहे, तसाच काही अंशी वागणुकीलाही लागू आहे. मात्र माणसाचे एक जास्तीचे आहे. त्याला वारसा दोन वाटांनी मिळतो. एक रक्तातून, दुसरा शिकवणुकीतून. आई-बाप, आजी-आजोबा, गाव, भाषा, चालीरीती यांतून मिळते ती शिकवण. या दोन वाटा एकमेकींत कशा गुंततात, हाच त्या मुलीला शिकायचा विषय आहे.

मानवशास्त्राच्या मुख्य शाखा चार. माणसाचे शरीर आणि त्याची उत्क्रांती, माणसाचा समाज आणि संस्कृती, भाषा, आणि जमिनीत गाडले गेलेले जुने जीवन म्हणजे पुरातत्त्व. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले आणि तीन हजार वर्षांपूर्वीचे शेतकऱ्यांचे गाव उजेडात आणले. घरांच्या जमिनी सापडल्या, भांडी सापडली, जळके धान्य सापडले. पण वागणूक जमिनीत सापडत नाही. राग, माया, वाटून खाणे, फसवणे यांची हाडे होत नाहीत. म्हणून हे अभ्यासक निराळ्या वाटेने जातात. वानरांच्या टोळ्या पाहतात, शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या लोकांत वर्षानुवर्षे राहतात, जुन्या नोंदी तपासतात, रक्ताचे नमुने तपासतात. तीन उदाहरणे देतो.

आजी कशासाठी?

आपल्या गोठ्यातली गाय म्हातारी झाली तरी बहुधा वेत देते. माणसाच्या बाईचे तसे नाही. पंचेचाळीस-पन्नाशीला मूल होणे थांबते, आणि त्यानंतरही ती वीस-तीस वर्षे कामात जगते. आपल्या जवळचा नातलग म्हणजे चिंपांझी. त्याच्या बहुतेक टोळ्यांत माद्या एवढे लांब म्हातारपण पाहत नाहीत. मग माणसालाच हे का मिळाले?

आफ्रिकेत टांझानिया देशात एयासी सरोवराच्या आसपास हाड्झा नावाचे लोक राहतात. त्यांच्यातली काही कुटुंबे अजूनही शिकार, मध, फळे आणि कंद यांवर गुजराण करतात. क्रिस्टन हॉक्स, जेम्स ओ'कॉनेल आणि निकोलस ब्लर्टन जोन्स हे संशोधक १९८० च्या दशकात तेथे जाऊन राहिले. कोण किती वेळ काम करते, किती अन्न आणते, हे त्यांनी मोजले. मुलांची वजने घेतली. तेव्हा दिसले की कठीण जमीन काठीने खणून कंद काढण्यात म्हाताऱ्या बायका तरुणींच्या मागे नव्हत्या, उलट त्यांच्यापेक्षा जास्त वेळ राबत होत्या. आईच्या अंगावर तान्हे मूल आले की तिची मिळकत कमी होई. अशा वेळी आधीच्या मुलाचे वजन वाढते की नाही, हे आजीच्या कष्टांवर अवलंबून असे. म्हातारीने नातवंडे जगवली, म्हणून लांब आयुष्याचा गुण पिढ्यान्पिढ्या टिकला, असा तर्क त्यांनी १९९७-९८ मध्ये मांडला.

तर्क मांडला म्हणून तो खरा ठरत नाही. दुसऱ्यांनी तो दुसरीकडे तपासला. पश्चिम आफ्रिकेतल्या गांबिया देशात काही खेड्यांच्या जन्म, मृत्यू, वजन, उंची यांच्या नोंदी १९५० पासून ठेवलेल्या होत्या. रिबेका सीअर आणि रूथ मेस यांनी त्या चाळल्या. ज्या लहान मुलांची आईची आई हयात होती, ती मुले जास्त जगलेली आढळली. बापाच्या आईमुळे मात्र तेथे तसा फरक दिसला नाही. आपल्याकडे पहिल्या बाळंतपणाला लेक माहेरी का येते, याचे हे उत्तर आहे असे मी म्हणणार नाही. गांबिया म्हणजे मराठवाडा नव्हे. पण प्रश्न आपल्याही गावात विचारण्यासारखा आहे.

या गोष्टीचा पुढचा भागही ऐका. २०२३ साली युगांडातल्या न्गोगो येथील चिंपांझींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तेथील माद्या मूल होणे थांबल्यावरही बरीच वर्षे जगतात असे आढळले, आणि त्या काही नातवंडे सांभाळत नाहीत. म्हणजे आजीच्या तर्काला आता नव्याने उत्तर द्यावे लागणार. शास्त्र असेच चालते. चावडीवर एकदा ठरले की ठरले. तेथे कोणी वजनकाटा घेऊन येत नाही.

दूध कोणाला पचते?

वासरू दूध पिते, बैल दूध पीत नाही. सगळ्या सस्तन प्राण्यांत हाच नियम आहे. दुधातली साखर पचवणारा पाचकरस लहानपणी तयार होतो आणि दूध सुटल्यावर कमी होत जातो. माणसाचेही मुळात असेच होते. जगातल्या बहुसंख्य प्रौढ माणसांना आजही ताजे दूध पूर्ण पचत नाही. पोट गुडगुडते, फुगते.

सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियात माणसाने शेळ्या-मेंढ्या आणि गुरे पाळायला सुरुवात केली. त्यानंतर केव्हातरी काही लोकांत असा बदल झाला की मोठेपणीही तो पाचकरस तयार होत राहिला. गुरे पाळणाऱ्यांत हा बदल फैलावला. युरोपात जो बदल आढळतो तोच भारतातही आढळतो. आपल्या देशात त्याचे प्रमाण वायव्येकडे जास्त आहे, दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे कमी. २०२२ साली युरोपातल्या जुन्या मडक्यांना चिकटलेल्या दुधाच्या अंशांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसले की हा बदल सर्रास होण्याच्या हजारो वर्षे आधीपासून लोक दूध वापरत होते. दुष्काळ आणि रोगराई यांच्या काळात ज्यांना दूध सोसत नव्हते ते जास्त दगावले असावेत आणि ज्यांना सोसत होते ते तगले असावेत, असा त्या संशोधकांचा अंदाज आहे.

म्हणजे आधी माणसाची वागणूक बदलली आणि तिच्यामागून शरीर बदलले. आणि जेथे शरीर बदलले नाही तेथे अक्कल कामी आली. दूध विरजले की त्यातली साखर बरीच कमी होते. आपल्या आज्या-पणज्यांनी दह्या-ताकाचा घरोघर प्रघात पाडला, त्यामागे चवीबरोबर हेही असावे. दूध बाधते म्हणणाऱ्या सुनेला नखरे करते म्हणू नका. ताक द्या.

शंभर रुपयांची वाटणी

आता तिसरे उदाहरण. समजा, मी तुम्हाला शंभर रुपये दिले आणि सांगितले की यातले काही समोरच्या अनोळखी माणसाला द्या. किती द्यायचे ते तुम्ही ठरवा. त्याने ते पत्करले तर दोघांचेही पैसे राहतील. त्याने नाकारले तर दोघांनाही काही नाही. तुम्ही किती द्याल? पक्का हिशेबी म्हणेल एक रुपया, कारण शून्यापेक्षा एक बरा. पण बहुतेक माणसे तसे करीत नाहीत.

जोसेफ हेन्रिक या मानवशास्त्रज्ञाने हा खेळ पेरू देशातल्या जंगलात माचिगेंगा लोकांत खेळून पाहिला. पुढे अनेक संशोधकांनी मिळून तो जगातल्या पंधरा लहान समाजांत नेला. माचिगेंगा कुटुंबे आपापली फिरती शेती करतात, शेजाऱ्याशी कामाचा संबंध थोडाच. त्यांनी सरासरी शंभरातले २६ देऊ केले. इंडोनेशियातल्या लामालेरा गावचे लोक होड्या घेऊन देवमाशाची शिकार करतात. एकट्या माणसाला देवमासा मारता येत नाही. होडीवर सगळ्यांची मूठ बांधलेली लागते आणि मांसाच्या वाटणीचे नियम काटेकोर असतात. तेथे लोकांनी निम्म्यापेक्षाही जास्त देऊ केले. ज्या समाजात रोजचे पोट एकमेकांच्या हातावर जास्त अवलंबून, तेथे वाटणी जास्त समान, असे सगळ्या आकड्यांतून निघाले.

आता आपल्याकडे पाहा. सावड, इर्जिक, वारंगुळा हे शब्द ज्यांनी वापरले ती पिढी अजून आहे. एकाचा बैल, दुसऱ्याचा बैल, मिळून औत. ट्रॅक्टर आला, मजुरी रोखीत आली, आणि सावड पुष्कळ ठिकाणी मोडली. मग पाण्याची पाळी वाटताना, सामाईक विहिरीची मोटर दुरुस्त करताना, बांधाच्या भांडणात पूर्वीसारखी माघार कोणी घेत नाही, अशी तक्रार मी गावोगाव ऐकतो. या दोन गोष्टींचा संबंध आहे का? चावडीवर दहा जण दहा मते देतील. मोजून सांगणारा एकही नाही. असे मोजणारी मुलगी आपल्या गावातून निघाली तर ते आपल्याला नको आहे का?

दोन धोके

या विद्येत दोन धोके आहेत, तेही सांगतो.

पहिला धोका म्हणजे जे निसर्गात आहे ते योग्यच आहे, असे समजणे. धारवाडजवळच्या वानरांत नवा नर टोळी बळकावतो तेव्हा तो तान्ही पिल्ले मारतो, हे युकिमारू सुगियामा या जपानी शास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात पाहिले. पुढे सारा हर्डी या अमेरिकन बाईंनी अबूच्या पहाडात अशाच वानरांचा अभ्यास केला. त्यांचे पुस्तक १९७७ साली आले. पिल्लू गेले की मादी लवकर पुन्हा माजावर येते आणि नव्या नराची संतती वाढते, असा अर्थ त्यांनी लावला. कारण समजले म्हणून कृत्य चांगले ठरले नाही. तुडतुडे का वाढतात हे आम्ही शिकतो ते त्यांची बाजू घेण्यासाठी नव्हे. याच हर्डीबाईंनी पुढे २००९ सालच्या पुस्तकात दाखवले की माणसाचे मूल एकट्या आईने कधीच वाढवले नाही. आजी, मावशी, भावंडे, बाप अशा अनेक हातांनी ते वाढवले, आणि त्यातूनच दुसऱ्याचे मन ओळखण्याची शक्ती माणसात आली असावी.

दुसरा धोका याहून मोठा आहे. माणसांची उच्च-नीच अशी प्रतवारी लावायला हीच विद्या एके काळी वापरली गेली. इरावती कर्वे यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. जन्म १९०५ चा, ब्रह्मदेशातला. १९२८ साली त्या जर्मनीला गेल्या आणि बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली संशोधनाला बसल्या. गोऱ्या युरोपियनांच्या कवटीची ठेवण वेगळी आणि म्हणून त्यांची बुद्धी श्रेष्ठ, असे फिशर यांचे मत होते. इरावतीबाईंनी सुमारे दीडशे कवट्या मोजल्या आणि लिहिले की वंशाचा आणि या ठेवणीचा संबंध दिसत नाही. परका देश, विशीतली बाई, पदवी द्यायची की नाही हे ठरवणारा मार्गदर्शक समोर. तरी मोजमापाने जे सांगितले तेच त्यांनी लिहिले. पुढे हिटलरच्या राजवटीत फिशर यांच्यासारख्यांच्या मतांनी काय अनर्थ केला, ते जगाने पाहिले. इरावतीबाई पुण्याला परतल्या, डेक्कन कॉलेजात रुजू झाल्या आणि गावोगाव, रानोमाळ फिरल्या. कोयना धरणाने उठवलेल्या लोकांची त्यांनी केलेली पाहणी १९६९ साली प्रसिद्ध झाली. धरणाखाली गेलेल्या गावांचे काय झाले, हे कोणीतरी घरोघर जाऊन विचारले पाहिजे. ते काम या विद्येचे आहे.

मग पोटाचे काय?

आता व्यवहार. या विषयात पदवी घेतली की नोकरी हातात, अशी हमी मी देणार नाही. ती आज शेतकी पदवीलाही नाही. पी हळद आणि हो गोरी असे येथे काही नाही. वाटा मात्र आहेत. केंद्र सरकारचे भारतीय मानवशास्त्र सर्वेक्षण १९४५ पासून आहे, मुख्य कचेरी कोलकात्याला. पुण्यात आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. वस्तुसंग्रहालये, सार्वजनिक आरोग्याचे संशोधन, पुनर्वसन, आदिवासी भागातली कामे येथे अशी माणसे लागतात. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत मानवशास्त्र हा वैकल्पिक विषय आहे आणि उत्तरे मराठीत लिहिता येतात. अध्यापन आणि संशोधन करायचे तर पदव्युत्तर शिक्षण आणि पुढे पीएच.डी. करावी लागते. म्हणजे सात-आठ वर्षांचा धीर हवा. हे मुलीनेही ऐकून ठेवावे.

खर्च आवाक्यात ठेवण्याचा एक मार्ग सुचवतो. जवळच्या कॉलेजात प्राणिशास्त्र किंवा संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. करावी. घरचे अन्न, एस.टी.चा पास. नंतर मानवशास्त्राच्या एम.ए. किंवा एम.एस्सी.ला जावे. पुणे विद्यापीठात या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे. दुसऱ्या विषयाच्या पदवीधरांना कोठे कोठे प्रवेश मिळतो, जागा किती, शिष्यवृत्ती कोणती, वसतिगृह मिळते का, हे त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकात पाहावे. शक्य तर बापाने मुलीबरोबर एकदा विभागात जाऊन यावे. शिकून बाहेर पडलेली मुले आज काय करतात, हा प्रश्न तेथे न लाजता विचारावा.

आणि त्याआधी एक परीक्षा घरीच घ्या. आम्ही नवे वाण सगळ्या रानात एकदम लावा म्हणत नाही. आधी दोन गुंठ्यांवर प्रात्यक्षिक घेतो, शेजारी तुलनेचा प्लॉट ठेवतो. तसेच करा. मुलीला एक वही द्या आणि पंधरा दिवस द्या. वस्तीवरची दहा घरे घ्यावीत. कोणी कोणाला काय मदत केली, कोणाच्या रानात कोण गेले, उसने काय दिले, परत काय आले, मूल कोणाच्या कडेवर किती वेळ होते, हे तिने लिहावे. पाहिलेले एका पानावर, ऐकलेले दुसऱ्या पानावर. दोन्हींची मिसळ नको. ज्यांच्याविषयी लिहायचे त्यांना आधी विचारावे, त्यांची नावे वहीबाहेर जाऊ देऊ नयेत. पंधराव्या दिवशी रात्री जेवणे झाल्यावर तिने ती वही तुम्हाला वाचून दाखवावी.

चौथ्या दिवशी वही कोनाड्यात पडली तर दुसरा विचार करायला तुम्हीही मोकळे, तीही मोकळी. पण उन्हातान्हात फिरून तिने पंधरा दिवस नेमाने लिहिले, आणि तुम्हाला जन्मभर माहीत असलेल्या आपल्याच वस्तीविषयी एखादी माहीत नसलेली गोष्ट सांगितली, तर काय करायचे ते मला विचारायला दुसरे पत्र लिहावे लागणार नाही.

त्या वाचकांना आणखी एवढेच सांगतो. नर्सिंगचे काम मोलाचे आहे, पण मन नसलेल्या पोरीच्या गळ्यात ते बांधू नका. अर्ज भरायच्या मुदती जवळ असतात, तेव्हा वही आजच आणा. आणि आज रात्री तिला जवळ बसवून जेवू घाला.

पुढच्या अंकात तुरीवरील मर रोग आणि बीजप्रक्रिया यांविषयी बोलू.